मेश्राम मॅडमची परीक्षा

मेश्राम मॅडम गेल्या हे सांगायला ज्योत्स्नाचा फोन आला. ती रडत होती. "ताई, मॅडम गेल्या व," एवढं म्हणाली आणि मग काहीतरी घशात अडकल्यासारखा आवाज आला. मी घाबरून विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणते, "काही नाही, तो हॉर्न आठवला." मग मलाही तो हॉर्न आठवला. उमरखेडला ती आणि यवतमाळला मी, दोघी फोन कानाला लावून इतक्या हसलो की माझा नवरा जेवणावरून उठून पाहायला आला. डोळ्यांतून पाणी, तोंडाला पदर, आणि बायको हसतेय. त्याला काय सांगणार? त्याने मेश्राम मॅडमना पाहिलेलं नव्हतं.

मॅडमना स्वतःला कोणाच्याही मयतीत हसू आवरत नसे. चुलत सासरे वारले तेव्हा त्या मागच्या ओळीत पदरात तोंड घालून गदगदत होत्या आणि बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, की किती जीव होता हिचा म्हाताऱ्यावर. "जीव होताच व वर्षा," त्या मला नंतर म्हणाल्या, "पण भंतेजींचा मोबाइल वाजला आन् त्यात कोंबडा आरवला. आता म्या काय कराव?"

पुष्पा मेश्राम. ठेंगणी, रुंद बाई. पाचवारी सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पळा लागलं तं?" कोणापासून पळायचं ते कधी सांगितलं नाही. आर्णीच्या बसस्टँडजवळ एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. जिना चढताना खालच्या फवारणीच्या औषधाचा वास नाकात जायचा, आणि वर पोचलं की फुटाण्यांचा. फुटाणे मॅडमच्या टेबलाच्या खणात असत. मुंग्याही तिथेच असत, आणि अधूनमधून त्या कीबोर्डात राहायला जात. मॅडम कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "चला, निघा. फी भरली नाही तुम्ही."

त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त बूट दिसले. त्या वर्षी आमच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळीने काही म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं आणि माझी बीएस्सी घरात बसून होती. क्लासला शिकवायला मुलगी पाहिजे असं कळलं म्हणून मी साडी नेसून, सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले. खोलीत कोणी नाही. टेबलाखालून दोन बूट बाहेर आलेले. मी खाकरले.

"कोण हाय?" टेबलाखालून आवाज.

"मी... नोकरीसाठी आले."

"आली तं भिंतीवरलं बटण दाब."

मी दाबलं. फट् करून जाळ झाला आणि अख्ख्या मजल्याची लाइट गेली. खालून कृषी केंद्रवाला ओरडला. टेबलाखाली आधी काहीच आवाज नाही. मग टेबल हलायला लागलं. मला वाटलं बाईंना झटका बसला. मी वाकून पाहिलं तर बाई पोट धरून हसत होत्या. त्यांचं हसू असंच होतं. सुरुवातीला आवाजच नसायचा, नुसतं अंग हलायचं, आणि मग एकदम तो आवाज यायचा, की रस्त्यावरची माणसं वर पाहायची. हसताना त्यांना कोणाला तरी धरावं लागे. त्या दिवशी त्यांनी माझा पाय धरला.

"लागली तुले नोकरी," त्या म्हणाल्या. "कायले दाबू, काहून दाबू, काही विचारलं नाहीस. मले असंच माणूस पाह्यजे."

मॅडम चाळिशीला आल्यावर कॉम्प्युटर शिकल्या होत्या. त्यांचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, अगदी शांत माणूस. दिवसभर इंजिनाचे आवाज ऐकून घरी मॅडमचा आवाज ऐकायचे आणि दोन्हींवर खूश असायचे. मॅडमचं ज्ञान पक्कं होतं असं मी म्हणणार नाही. अर्ध्या गोष्टी त्यांनी अंदाजाने ठरवलेल्या होत्या. प्रत्येक फटीत त्या फुंकर मारायच्या. कॉम्प्युटरचा कुठलाही डबा बिघडला की आधी डाव्या बाजूने एक चापट द्यायच्या, उजव्या बाजूने कधीच नाही, आणि त्याचं कारण त्यांच्याकडे होतं पण ते दर वेळी वेगळं होतं. पण भीती नावाची गोष्ट त्या बाईत नव्हती, आणि गावोगावच्या ज्या मुली आमच्याकडे यायच्या त्यांच्यात ती ओतप्रोत भरलेली होती. बटण दाबलं तर फुटेल, चुकलं तर दादा ओरडेल, पडद्यावर काही आलं तर पोलीस येतील.

म्हणून रोज सकाळी पहिल्या बॅचला मॅडम दारात उभ्या राहून विचारायच्या, "कोण भेते?"

मुलींनी एका सुरात ओरडायचं, "कॉम्प्युटर भेते!"

"कोनाले भेते?"

"आमाले!"

खालचा कृषी केंद्रवाला म्हणायचा, माझं गिऱ्हाईक दचकते. मॅडम म्हणायच्या, "दचकू दे. दचकल्यावर माणूस भाव विचारत नाही."

शिकवायची पद्धतही त्यांची स्वतःची. "रॅम म्हणजे सैपाकाचा ओटा. हार्डडिस्क म्हणजे सामानाची कोठी. सैपाक ओट्यावर होते, पण पीठ-मीठ कोठीतून येते. सकाळी उठला का हा पठ्ठ्या पहिले कोठीकडे जाते. कोठीच सडली असन तं? मंग शेजारनीकडून डबा आणा लागते. बाहेरून लावाची डिस्क म्हणजे शेजारीन. पण थो आपल्या मनानं जात नाही, पुरुषाची जात हाय ना. त्याले सांगा लागते, का बाबू, आज पहिले शेजारनीकडे जाय." मुली लिहून घ्यायच्या. पुढे मी कितीतरी शिकलेल्या लोकांकडून हे ऐकलं, पण इतकं डोक्यात कोणाचंच बसलं नाही.

ती वर्षं कापसाची होती, म्हणजे कापूस नसल्याची. आमच्या जिल्ह्यात तेव्हा रोज कोणाच्या ना कोणाच्या गाड्या यायच्या. पाहणीवाले, पॅकेजवाले, टीव्हीवाले. एकदा एक टीव्हीवाला मुलगा क्लासात आला. त्याला शेतकऱ्याच्या घरातली दुःखी बाई हवी होती. मॅडमच्या दिराकडे शेती होती, म्हणून कोणीतरी त्याला वर पाठवलेलं. त्याने कॅमेरा लावला, मॅडमना खिडकीत बसवलं, आणि म्हणाला, जरा बाहेर शून्यात बघा. मॅडमनी शून्यात बघायला सुरुवात केली. समोर रसवंतीच्या छपरावर एक बकरी चढली होती. मॅडमचं अंग हलायला लागलं.

"कट," मुलगा म्हणाला. "मॅडम, तुम्हाला दुःख वाटत नाही का?"

"वाटते ना बाप्पा."

"मग ते दाखवा ना."

मॅडम हसायच्या थांबल्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "थे आमचं घरचं हाय. घरचं सामान असं रस्त्यावर मांडते का कोनी? तू फुटाने खाय." आणि त्याच्या हातात मूठभर फुटाणे ठेवले. तो मुलगा दुपारपर्यंत बसला. जाताना एक्सेलमध्ये बेरीज करायला शिकून गेला.

आता हॉर्नची गोष्ट.

ज्योत्स्ना आमची विद्यार्थिनी, आर्णीजवळच्याच एका गावची. अंगाने काडी, पण टायपिंग असं करायची की कीबोर्डातून लाह्या फुटताहेत असं वाटावं. तिचं लग्न ठरलं उमरखेडकडच्या मुलाशी. आणि आमच्या कोर्सच्या शेवटच्या परीक्षेची तारीख नेमकी लग्नाच्या आदल्या दिवशी आली. ती पास झाली तर तिला सर्टिफिकेट मिळणार होतं, आणि ते असलं की ऑपरेटरच्या जागेला अर्ज करता येणार होता. पुढची परीक्षा कधी होईल त्याचा पत्ता नव्हता, आणि तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, किसनरावांनी, स्पष्ट सांगितलेलं होतं, "लग्नाआधी होते तं होऊ द्या. लग्नानंतर कायले पाह्यजे परीक्षा?"

किसनराव नवरीचे कपडे घेऊन परीक्षेच्या आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. सकाळी नवरी परीक्षेला निघाली हे कळल्यावर ते म्हणाले, मी येतो संगं, पाहतो तरी कोणती परीक्षा आहे. म्हणून त्या सकाळी आमच्या जिन्यावरून आधी एक पांढरं धोतर आलं, मग मोठ्या मिशा, आणि त्यांच्या मागे ज्योत्स्ना, कोपरापर्यंत हळदीने पिवळी, हातात हिरव्या बांगड्या. बाकीच्या मुली पहिल्या एसटीने पोचलेल्या. बरं झालं पहिल्या एसटीने पोचल्या, कारण त्यानंतर रस्ताच बंद झाला. कापसाच्या भावासाठी त्या दिवशी रास्ता रोको होता. बाजार कडकडीत बंद. माझे बाबाही बसस्टँडसमोर रस्त्यावर मांडी घालून बसले होते, आणि मी वर खिडकीतून त्यांना चहा पाहिजे का असं खुणेने विचारलं तर ते, आंदोलनात आहे, अशी खूण करून पुन्हा घोषणा द्यायला लागले.

परीक्षा चालवायची ती कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून. तो सुरू झाला की बाकीचे त्याला जोडलेले सुरू होणार. मॅडमनी त्याचं बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी एक ओळ, आणि पुढे काही नाही. आदल्या दिवशी लाइट चारदा आली-गेली होती, त्यात आतली डिस्क बसली होती.

"कोठी सडली," मॅडम म्हणाल्या. डाव्या बाजूने चापट दिली. काही नाही.

यवतमाळच्या मुख्य केंद्राने आम्हाला एक बाहेरून लावायची डिस्क देऊन ठेवली होती. असंच काही झालं तर ती जोडायची आणि कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू करायचा, परीक्षेचं सगळं तिच्यात तयार. मॅडमनी ती पुढच्या बाजूला जोडली. डिस्क आतून टिक टिक टिक करत राहिली, पण फिरेना.

"पुढच्या भोकात जोर नाही," मॅडम म्हणाल्या आणि टेबलाखाली शिरल्या. मागच्या भोकात वायर लावली. वायर आखूड, डिस्क अधांतरी लोंबकळायला लागली. मॅडमनी टेबलाखालून हात काढला आणि समोर ज्याचं धोतर दिसलं त्याला म्हणाल्या, "मामाजी, इकडे या. हे धरा. हलू नका."

किसनराव आयुष्यात कोणाचं ऐकत नसावेत. पण त्यांना विचार करायला वेळच मिळाला नाही. ते खाली बसले आणि ती डिस्क दोन्ही हातांत, बारशाचं पोर धरावं तशी धरून राहिले.

"फिरून राह्यली का?"

"फिरून राह्यली," किसनराव म्हणाले. "गरम लागते जी."

"तुमीच आता तिचे मायबाप."

आता कॉम्प्युटरला सांगायचं होतं की पहिले शेजारणीकडे जा. सुरू होता होता एक बटण धडाधड दाबत राहिलं की निळा पडदा येतो, तिथे ते सांगता येतं. मॅडमनी ते केलं, मी वाचून दाखवत होते. बाहेरची डिस्क यादीत सगळ्यात वर आणली. पण आमचा तो डबा असा नमुनेदार की नुसतं पुन्हा सुरू केलं तर त्याला बाहेरची डिस्क दिसायचीच नाही. भिंतीवरचं बटण बंद करून, थंड करून, मग चालू केला तरच दिसायची. मॅडमनी बटण बंद केलं, चालू केलं. काळा पडदा, पांढरी ओळ.

पुन्हा निळा पडदा उघडला. आम्ही केलेलं सगळं पुसलेलं. यादीत आतलीच डिस्क वर. पुन्हा केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा पुसलेलं.

"हा विसरून राह्यला," मॅडम म्हणाल्या. मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. तिथे कितीतरी वर्षांपूर्वीचं साल होतं. "हे पाह्य वर्षा! याच्या लेखी अजून कापसाले भाव हाय!" आणि त्यांचं अंग हलायला लागलं. मुली आधी घाबरलेल्या होत्या, त्याही हसल्या. मिशांच्या आड किसनरावही हसले, पण डिस्क हलू दिली नाही.

झालं होतं ते एवढंच, की लाइट नसताना तारीख आणि सवयी लक्षात ठेवायला कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, तो संपला होता. बंद करावं तर विसरतो, बंद करू नये तर डिस्क दिसत नाही. नवा सेल पाहिजे. आणि बाजार बंद.

मॅडम बूट घट्ट करून निघाल्या. म्हणजे बूट खरंच पळायलाच होते. मी मागे. घड्याळवाल्याचं घर गाठलं. त्याच्याकडे सगळे छोटे सेल. रेडिओवाल्याकडे सगळे मोठे. फोटोवाला आंदोलनात बसलेला. मॅडमनी त्याला घोषणांच्या मधे वाकून विचारलं, तो "नाही नाही" म्हणाला आणि लोकांना वाटलं ही घोषणा आहे, तर सगळे "नाही नाही" ओरडायला लागले. आम्ही परत फिरलो. वेळ जात होता. दुपारनंतर परीक्षा घेता येणार नव्हती. जिन्याखाली ज्योत्स्ना येऊन उभी होती, हळदीच्या हातांनी ओढणी पिळत. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या बुटाची नाडी पुन्हा बांधायला वाकल्या.

आणि तेवढ्यात टुंई टुंई असा आवाज झाला.

कृषी केंद्रासमोर एक पांढरी गाडी उभी होती. पाहणीला आलेले कोणी साहेब रास्ता रोकोत अडकले होते आणि अर्धं शटर पाडलेल्या दुकानात बसून चहा घेत होते. त्यांचा ड्रायव्हर बबलू गाडीला टेकून किल्लीचं बटण दाबत होता. लॉक, टुंई. अनलॉक, टुंई टुंई. नुसता टाइमपास.

मॅडमनी त्या किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्या बबलूकडे अशा चालत गेल्या की तो सरळ उभा राहिला.

"बाबू, याच्यात सेल असन ना?"

"असेल."

"गोल? चपटा? रुपयावाणी?"

"काकू, साहेबांची गाडी आहे."

"गाडी कोन मागते? सेल मागून राह्यली. थे पाह्य, नवरी उभी हाय हळदीची. तिची परीक्षा झाली का देतो वापस. तुह्या लग्नात नाचीन मी."

बबलूने ज्योत्स्नाकडे पाहिलं, ज्योत्स्नाने त्याच्याकडे. त्याने गाडी लॉक केली, टुंई, आणि किल्ली मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी केसातला आकडा काढून किल्ली उघडली. आत तोच सेल होता. तो घेऊन त्यांनी किल्ली बबलूला परत दिली.

पुढचं भराभर झालं. कॉम्प्युटरचं झाकण काढलं, जुना सेल काढला, नवा बसवला. निळा पडदा, तारीख बरोबर केली, डिस्क वर आणली. बंद. चालू. आम्ही सगळ्या मागे उभ्या. किसनराव खाली बसल्या बसल्या विचारत होते, "दिसली का त्याले? दिसली का?" काळा पडदा आला. मग डिस्कवरचा दिवा लुकलुकायला लागला आणि पडद्यावर रंग आले.

"गेला शेजारनीकडे!" मॅडम ओरडल्या आणि ज्योत्स्नाला उचलूनच घेतलं. त्यांच्या साडीवर पिवळे पंजे उमटले. "बसा, बसा! कोण भेते?"

"कॉम्प्युटर!" असा आवाज उठला की खालच्या आंदोलनातूनही कोणीतरी जोरात साद दिली.

परीक्षा सुरू झाली. खोलीत नुसता कीबोर्डांचा आवाज. आणि मग खाली साहेबांचा चहा संपला. बबलूने साध्या किल्लीने दार उघडलं. त्या गाडीला वाटलं, चोर आला.

तो हॉर्न! पँ पँ पँ पँ, मधे कुंई कुंई, पुन्हा पँ पँ. रिमोटला सेल नाही, म्हणजे बंद कशाने करणार? आंदोलनातल्या लोकांना आधी वाटलं पोलीस आले, म्हणून ते आणखी घट्ट बसले. मग पोलीस नाहीत हे कळल्यावर कोणीतरी हॉर्नच्या तालावर टाळ्या धरल्या. पँ पँ, "भाव द्या!", पँ पँ, "भाव द्या!" माझे बाबा पुढे. इतक्या ठेक्यात आर्णीत त्याआधी कधी घोषणा झाल्या नसतील. साहेब गाडीभोवती फिरत होते, बबलू नुसता वर आमच्या खिडकीकडे बघत होता.

साहेब धाडधाड जिना चढून वर आले. "कोण आहे इथे? माझ्या गाडीचा..."

"शूऽऽ!" किसनराव जमिनीवरूनच म्हणाले. डिस्क दोन्ही हातांत, मिशा थरथरताहेत. "हळू बोला जी. आमच्या सूनबाईचा पेपर चालू हाय."

साहेबांनी खाली बसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं, मग त्या सगळ्या मुलींच्या वाकलेल्या माना, मग ती पिवळी मुलगी, जी बाहेर एवढा गोंगाट चालला असताना मान वर न करता टाइप करत होती. मॅडमनी एक स्टूल पुढे केलं, हातावर फुटाणे ठेवले आणि हळू आवाजात सेलचं सगळं सांगितलं. साहेब बसले. शेवटी बबलूने बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली तेव्हा तो हॉर्न एका शेवटच्या केविलवाण्या पँवर थांबला, आणि आंदोलकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

निकाल तिथल्या तिथे पडद्यावर यायचा. ज्योत्स्ना पास झाली. चांगल्या मार्कांनी पास झाली. तिने वळून आधी मॅडमकडे नाही, सासऱ्यांकडे पाहिलं. किसनराव अजून खाली बसलेले, पायाला मुंग्या आलेल्या. त्यांनी फक्त विचारलं, "आता ठेवू का खाली?" मॅडमनी त्यांच्या हातातून डिस्क घेतली तेव्हा ते उठले आणि सुनेला म्हणाले, "अर्ज कधी भराचा असते?"

मग साहेबांनी फुटाणे संपवले, हात झटकले, आणि अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, एक सांगा. या बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये सेल नसतो का?"

मॅडमनी एकेका कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग दाराजवळच्या त्या जुन्या, बंद पडलेल्या डब्याकडे, ज्याच्यावर आम्ही कित्येक महिने चहाचे कप ठेवत होतो. मीही पाहिलं. प्रत्येकात तोच सेल होता. आम्ही अख्खं आर्णी पालथं घातलं होतं.

मॅडमचं अंग हलायला लागलं. आधी आवाज नाही. मग टेबल हललं. त्यांनी धरायला हात पुढे केला तर जवळ साहेब होते, त्यांचाच खांदा धरला, आणि मग तो आवाज आला. असा आला की खाली आंदोलनातले लोक वर बघायला लागले. "थे... थे... आधी सांगाचं ना साहेब!" साहेबांनी आवरायचा प्रयत्न केला, ओठ दाबले, आणि मग तेही फुटले. किसनराव हसले, बबलू दारात येऊन हसला, ज्योत्स्नाने हळदीचे हात तोंडाला लावले आणि तोंडही पिवळं झालं. मी इतकी हसले की जिन्यात जाऊन बसले. ज्योत्स्नाने ज्या कीबोर्डवर पेपर दिला त्याची बटणं नंतर किती पुसली तरी पिवळीच राहिली. तो कीबोर्ड मुली भांडून घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी लग्नात मॅडम नाचल्या. बबलूच्या लग्नाची वाट त्यांनी पाहिली नाही. ज्योत्स्नाला पुढे उमरखेडला ऑपरेटरची जागा मिळाली, आणि किसनराव कित्येक दिवस तिला डबा घेऊन जायचे आणि दारातून विचारायचे, "चालू झाला का आज?"

माझं लग्न होऊन मी यवतमाळला आले. मग घरोघरी, हातोहाती फोन आले, आणि आर्णीचा क्लास बंद झाला. मॅडमचे यजमान निवृत्त होऊन ती दोघं यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला मुलाकडे राहायला आली असं ऐकलं होतं. जाईन जाईन म्हणता माझं जाणं राहत होतं.

शेवटचं पाहिलं ते लोहाऱ्यालाच. मी कोणाकडे तरी भेटायला गेले होते आणि एमआयडीसीच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर बसची वाट पाहत उभी होते. रविवारची सकाळ, कारखाने बंद. लांबून एक स्कूटी येत होती, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. वर एक रुंद बाई, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे बूट दोन्ही बाजूंना पसरलेले. मागे बऱ्याच अंतरावर मेश्राम काका शांतपणे चालत येत होते.

"मॅडम!" मी ओरडले.

त्यांनी पाहिलं. ओळखलं. आणि त्यांचं अंग हलायला लागलं, त्याबरोबर स्कूटीही.

"वर्षाऽऽ! थांबाचं कसं थे नाही शिकली अजूऽऽन!"

त्या माझ्यासमोरून निघून गेल्या. पुढे लांब जाऊन गोल वळल्या आणि परत आल्या. "कशी हायेस व तूऽऽ?" मी "बरी आहे" म्हणेपर्यंत पुढे गेल्या. पुन्हा वळल्या. "पोट्टी केवढी झालीऽऽ?" मी हाताने उंची दाखवली. "माय व!" आणि गेल्या. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "असंच करते रोज. पेट्रोल संपलं का थांबते." आणि आम्ही दोघं हसत रस्त्याच्या कडेला उभे, त्यांच्या फेऱ्या बघत.

माझी बस आली. मी चढले, खिडकीशी बसले. बस सुटली तेव्हा मॅडम बाजूला आल्या, थोडा वेळ बसच्या बरोबरीने चालल्या. तोंड उघडं, केस सुटलेले, काहीतरी ओरडत होत्या. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून काय, काय, असं विचारलं. त्यांनी हँडलवरून एक हात काढला, मला दाखवायला, की हे बघ, एका हाताने. आणि स्कूटी तिरपी झाली, सावरली, आणि मग बसने वेग घेतला आणि त्या मागे मागे राहत गेल्या, अजून हसत.